एकच आज्ञावली, रूपे हजार!

७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला आणि जगभरातील संगणकतज्ज्ञांची झोप उडाली. ‘ओपनएसएसएल’ या सुरक्षा-आज्ञावलीतील या चुकीमुळे सर्व्हरच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर एका वेळी परक्याच्या हाती पडू शकत होता. सुधारित आवृत्ती तातडीने बसवणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्यासाठी एक उपाय सांगण्यात आला : ‘हार्टबीट’ ही सुविधा वगळून आज्ञावली पुन्हा संकलित करा. मूळ मजकुरातील एकही ओळ न बदलता, कम्पायलरला केवळ एक खूण देऊन हे साधत होते.

यालाच ‘सशर्त संकलन’ म्हणतात. सी भाषेतील ‘इफडेफ’ या सूचनेने एखादा भाग ठरावीक यंत्रासाठी वा सुविधेसाठी राखून ठेवता येतो. अट पूर्ण झाली नाही, तर तो भाग कम्पायलरपर्यंत पोहोचतच नाही.

सोय मोठी, पण मेख इथेच आहे. जे कम्पायलरने पाहिलेच नाही, त्यातील चूक तो दाखवणार कशी? अशा दहा अटी असल्या, तर एकाच आज्ञावलीची १,०२४ रूपे संभवतात. ती सारी तपासणार कोण? २०१४ च्या एप्रिलमध्येच ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएलची ‘लिबरएसएसएल’ ही वेगळी शाखा काढली आणि पहिल्याच आठवड्यात सी भाषेतील ९० हजारांहून अधिक ओळी कापल्या. जुने मॅक ओएस, ओएस/२, व्हीएमएस अशा प्रणालींसाठीचा आधारही या साफसफाईत गेला. माळ्यावरची अडगळच म्हणायची!

लिनक्सच्या गाभ्यात निवडीचे पर्याय दहा हजारांवर आहेत. तेथे सगळेच कापून चालत नाही. म्हणून तेथील लेखन-नियम सांगतात, की अटी मुख्य मजकुरात विखुरू नका, त्या हेडर फाइलमध्ये ठेवा. सुविधा बंद असेल, तर त्याच नावाचे, काहीही न करणारे फंक्शन तेथे लिहायचे. बाकीच्यांनी ते निःशंकपणे वापरावे. रिकामे काम कम्पायलर स्वतःच गाळतो.

याहून उपयुक्त युक्ती म्हणजे ‘इज एनेबल्ड’. येथे अट साध्या ‘इफ’ने तपासली जाते. त्यामुळे बंद असलेला भागही कम्पायलर वाचतो, त्यातील व्याकरण व प्रकार तपासतो आणि मगच टाकून देतो. मात्र सुविधा बंद असताना त्यातील एखादे नावच अस्तित्वात नसेल, तर ही युक्ती चालत नाही. तिथे ‘इफडेफ’च वापरावे लागते. असा भाग लांबलचक असेल, तर शेवटच्या ‘एंडइफ’पुढे कोणती अट येथे संपली, हे टिपणात लिहावे, असेही हे नियम सांगतात.