न बोलावता दारात : ब्राउझरमधील पॉप-अप आणि व्यापाऱ्याची पत

अमरावतीच्या इतवारा बाजारात आमच्या ओळखीचे एक होजिअरीचे दुकानदार आहेत. वय साठीच्या पुढे. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणतो, आम्हीही म्हणतो. त्या दिवशी महिन्याची २० तारीख होती, म्हणजे जी.एस.टी.चे मासिक विवरण भरण्याचा शेवटचा दिवस. चाचांनी मोबाईल हातात घेतला, तोच पडदा लाल झाला आणि पाटी झळकली : 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहेत, ताबडतोब साफ करा.' ती पाटी सारली तर दुसरी आली. दुसरी सारली तर कर्जाची जाहिरात, मग बक्षिसाची. चाचा वैतागून म्हणाले, "दुकान माझं, गल्ला माझा, अन् हे न विचारता आत येऊन बसणारे कोण?"

प्रश्न अगदी व्यापाऱ्याचा आहे, म्हणूनच तो या पानावर घेतला.

आधी प्रकार समजून घेऊ. इंटरनेटवरील पाने आपण ज्या साधनातून पाहतो त्याला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, एज ही त्यांची नावे. त्यात आपण मागितलेले पान बाजूला सारून जी जाहिरातीची खिडकी उघडते, तिला पॉप-अप म्हणतात. चाचांच्या फोनमध्ये व्हायरस नव्हता. झाले असे की, काही दिवसांपूर्वी एका पानावर 'तुम्ही यंत्रमानव नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा' असे लिहिलेले होते आणि त्यांनी ते दाबले. 'अलाऊ' म्हणजे परवानगी. त्या एका दाबण्याने त्या पानाच्या मालकाला चाचांच्या फोनवर हव्या तेव्हा सूचना पाठवण्याची मुभा मिळाली. दारावरची कडी आपणच काढून दिली.

अकोल्याचा अनुभव

अमरावती-अकोला हा रस्ता आपल्या रोजच्या वहिवाटीचा. याच महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तासांत करून गिनेस विक्रम झाला. असा गुळगुळीत रस्ता मिळाला, पण दर मैलावर कोणी गाडी अडवून वस्तू गळ्यात मारू लागला, तर त्या रस्त्याचा उपयोग काय? ब्राउझर हाही रस्ताच आहे. भाव पाहायला, माल मागवायला, सरकारी नोंदणी करायला आपण त्यावरून जातो.

अकोल्यात आम्हाला एक सुतारकाम करणारे कारागीर भेटले. लहान उद्योगांसाठीची 'उद्यम' नोंदणी त्यांना करायची होती. शोध घेतला तेव्हा जे पान सर्वांत वर आले, ते जाहिरातीचे होते. रंग सरकारी, छाप सरकारीसारखी. पान उघडताच खिडकी आली : 'दहा मिनिटांत अर्ज पूर्ण करा, नाहीतर अर्ज बाद.' घाईघाईत त्यांनी दीड हजार रुपये भरले. वास्तविक १ जुलै २०२० पासून सुरू असलेली ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे. दीड हजार म्हणजे कारागिराची दोन-तीन दिवसांची मजुरी. पैशांपेक्षाही त्यांना दुसरी गोष्ट लागली. ते म्हणाले, "आता खरं सरकारी पान समोर आलं तरी हात लावायची भीती वाटते." नुकसान खरे ते इथे आहे.

हे सुरू कसे झाले?

या खिडकीचा जन्म गमतीचा आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत ट्रायपॉड नावाचे संकेतस्थळ होते. तेथे लोक आपापली पाने फुकट मांडत आणि त्यावर जाहिराती लागत. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील मजकुराच्या पानावर लागली आणि कंपनी संतापली. तेव्हा जाहिरात त्या पानापासून वेगळी दिसावी म्हणून ती स्वतंत्र खिडकीत उघडण्याची युक्ती तेथील ईथन झुकरमन यांनी लिहिली. म्हणजे जाहिरातदाराची अब्रू वाचवायला निघालेली ही युक्ती होती. पण वाचणाऱ्याच्या अब्रूचा, वेळेचा विचार त्यात नव्हता. २०१४ मध्ये झुकरमन यांनी 'द अटलांटिक' मासिकात लेख लिहून या शोधाबद्दल जाहीर माफी मागितली.

पुढे खिडक्यांचा असा सुकाळ झाला की लोक कंटाळले. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पॉप-अप अडवण्याची सोय दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्स बाजारात आला. या खिडक्या अडवणारा ब्राउझर म्हणून लोकांनी त्याला जवळ केले.

आणि इथेच व्यापाऱ्याने कान टवकारावेत. मे २०२३ मध्ये याच फायरफॉक्सने आपल्याच एका सशुल्क सेवेची जाहिरात वापरणाऱ्यांच्या पूर्ण पडद्यावर आणली. लोक काम करीत होते आणि जाहिरात मध्येच आडवी आली. तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हा कंपनीने ती थांबवली. जाहिरात अश्लील नव्हती, खोटीही नव्हती. तरी लोक चिडले, कारण ती अशा माणसाकडून आली होती ज्याच्यावर त्यांनी भरवसा टाकला होता. जुन्या गिऱ्हाइकाने पाठ फिरवली की कारण मालात शोधू नये, आपल्या वागण्यात शोधावे, असे आपले वडीलधारे सांगत. ते इतक्या मोठ्या संस्थेलाही लागू पडले.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' रोखण्याचे नियम काढले. ग्राहकाला फसवून किंवा दमवून 'हो' म्हणायला लावणाऱ्या १३ युक्त्या त्यात नमूद आहेत. खोटी घाई करणे, न विचारता टोपलीत वस्तू घालणे, नाही म्हणणाऱ्याला शरमेने मान खाली घालायला लावणे, आणि सारखा पिच्छा पुरवणे हे सारे त्यात येते. हे नियम मोठ्या कंपन्यांपुरते नाहीत. जाहिरातदार आणि विक्रेते यांनाही ते लागू आहेत. म्हणजे संकेतस्थळावरून माल विकणारा आपला व्यापारी बंधूही त्यात आला.

काय करावे?

वाचकांच्या सोयीसाठी मोजक्या गोष्टी सांगतो.

१. अनोळखी पानाने 'अलाऊ' विचारले तर 'ब्लॉक' दाबावे. आधीच परवानगी दिली असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स येथे जाऊन ती काढून घ्यावी. चाचांच्या फोनचा आजार एवढ्यानेच बरा झाला.

२. कोणतेही पान उघडताच फोन तपासून व्हायरस सांगू शकत नाही. पडद्यावर फोन नंबर देऊन 'येथे संपर्क करा' म्हटले असेल तर ते खोटे समजावे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो.

३. सरकारी कामासाठी पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो का ते पाहावे. 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' असे लिहिलेल्या पानावर पैसे भरू नयेत.

४. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम हाताबाहेर. ग्राहक म्हणून तक्रार असेल तर १९१५ हा क्रमांक आहे.

आपलेही घर तपासावे

शेवटी एक कटू गोष्ट. आपल्यातील काही होतकरू तरुणांनी दुकानाची संकेतस्थळे काढली आहेत आणि ती पाहून आम्हाला आनंद होतो. पण उघडताच 'आधी मोबाईल नंबर द्या' म्हणणारी खिडकी आम्ही तिथेही पाहिली. 'फक्त दोन नग शिल्लक' ही पाटी महिनाभर तशीच होती. व्हॉट्सॲपवर रात्री अकराला जाहिराती पाठवणारेही आहेत. आपण ज्याला शिव्या घालतो तेच आपण करीत असू, तर गिऱ्हाईक आपल्याला वेगळे का मानेल?

चाचांच्या दुकानात चाळीस वर्षांत कोणी आत ओढून आणले गेले नाही. गिऱ्हाईक आले की ते गादीवर जागा देतात, पाणी विचारतात, भाव एकदाच सांगतात आणि ठाण उलगडून गप्प बसतात. ज्याला घ्यायचे तो घेतो, ज्याला नाही तोही पुढच्या सणाला परत येतो. खरेदीदाराला विचार करायला मोकळे सोडणे हीच त्यांची जाहिरात. पडदा काचेचा असो की दुकानाचा, त्यामागे बसलेल्या माणसाची पत याच रीतीने वाढते.