मामा तलाव

मामा तलाव : पूर्व विदर्भातील मालगुजारी काळापासून चालत आलेल्या सिंचन-तलावांचे रूढ नाव. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या जिल्ह्यांत असे हजारो तलाव असून गोंदिया जिल्ह्यातील भातशेतीचा त्यांच्याशी निकटचा संबंध आहे.

व्युत्पत्ती : या नावातील ‘मामा’ म्हणजे आईचा भाऊ नव्हे. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या ‘मा. मा.’ या संक्षेपातील टिंबे बोलण्यात गळाली व नात्यातील परिचित शब्द तयार झाला. ‘माजी’ हा मूळ अरबी शब्द असून त्याचा अर्थ ‘होऊन गेलेला’ असा आहे. ‘मालगुजार’ या शब्दातील ‘माल’ (धन, सारा) अरबी व ‘गुजार’ (भरणारा) फार्सी आहे. म्हणून मालगुजार म्हणजे सारा भरणारा. ‘तलाव’ हा शब्द मात्र संस्कृत ‘तडाग’ यापासून प्राकृतमार्गे आला. लहान तलावास या भागात ‘बोडी’ व बांध घातलेल्या भातखाचरास ‘बांधी’ म्हणतात. ‘बांधी’ व नवेगावबांध या ग्रामनामातील ‘बांध’ यांचे मूळ ‘बंध्’ या संस्कृत धातूत आहे.

इतिहास : यांपैकी अनेक तलाव मालगुजारीहून जुने आहेत. गोंड राजवटीत तलावबांधणीत निष्णात अशा कोहळी समाजाने ते बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याची परंपरा आहे. मध्य प्रांताच्या स्थापनेनंतर (१८६१) इंग्रजी जमाबंदीत मालगुजारांना गावांची मालकी मिळाली व तलावही त्यांचे गणले गेले. तरीही पाण्याची वाटणी, गाळ काढणे व पाळीची डागडुजी ही कामे गावच्या वहिवाटीने चालत. १९५० च्या मध्य प्रदेश कायद्याने मालकी हक्क संपुष्टात येऊन १९५१ मध्ये तलाव शासनाकडे गेले. पुढे महाराष्ट्रात १०० हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदांकडे आले. मालकीचा प्रश्न असा सुटला, परंतु दुरुस्तीची जुनी वहिवाट खंडित होऊन पुष्कळ तलाव गाळाने उथळ झाले.

अशा रीतीने या नावात तलाव बांधणाऱ्याचा वा त्यावर शेती पिकविणाऱ्याचा निर्देश नाही. १९५१ मध्ये संपलेल्या मालकीचा तेवढा आहे. तलावाची निगा कोणी राखावी, हे त्या नावावरून कळत नाही. त्याचे उत्तर गावाच्या वहिवाटीत होते.