काडतूस आधी, रायफल नंतर

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. पण महादजी शिंद्यांचा बराचसा काळ उत्तरेतल्या छावण्यांत गेला. तिथेच १७८४ साली सव्हॉय प्रांतातल्या शांबेरी गावचा एक अनुभवी सैनिक त्यांच्या चाकरीत आला. मराठी इतिहास त्याला द बॉयन या नावाने ओळखतो. त्याच्याशी झालेला करार आजच्या संरक्षण मंत्रालयालाही ओळखीचा वाटेल. त्याला स्वतःला दरमहा हजार रुपये आणि प्रत्येक शिपायामागे आठ रुपये ठरले. शिपायाला तो साडेपाच रुपये देई. उरलेल्या अडीच रुपयांत अंमलदारांचे पगार आणि पलटणींचा बाकीचा खर्च बसवायचा होता.

अशा हिशेबात बंदूक महाग असून चालणारच नव्हती. द बॉयनच्या फौजेतल्या सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराने आग्र्याच्या कारखान्यात तोफा ओतल्या आणि युरोपीय नमुन्याच्या चकमकीच्या बंदुकाही बनवल्या. एक बंदूक सुमारे दहा रुपयांत पडे, म्हणजे शिपायाच्या दोन महिन्यांच्या पगारापेक्षाही कमी किमतीत. तरीही ही बंदूक सगळ्यांना मिळाली नाही. कंपूतल्या, म्हणजे त्याच्या कवायती फौजेतल्या, तेलंगी पलटणींना चकमकीच्या बंदुका मिळाल्या आणि नजीब पलटणींच्या हाती तोड्याच्याच बंदुका राहिल्या. फक्त त्यांना संगीन बसवून घेतली गेली. पेटता तोडा सांभाळत गोळी झाडायला वेळ जास्त लागतो, पण तोड्याच्या लांब नळीच्या बंदुका देशात पूर्वीपासून होत्या आणि त्या चालवणारे हातही तयार होते. संगिनीमुळे घोडदळ अंगावर आले तरी हा शिपाई उभा राहू शकत होता. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे याच कंपूंनी राजपूत घोडदळ मोडून काढले.

एकाच फौजेत दोन खर्चांची दोन हत्यारे ठेवण्याचा हा निर्णय सव्वादोनशे वर्षांनी भारतीय लष्कराने पुन्हा घेतला.

फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या सिग सॉर कंपनीकडून ७२,४०० सिग ७१६ रायफली घेण्याचा करार झाला. त्यातल्या ६६,४०० लष्कराला, ४,००० हवाई दलाला आणि २,००० नौदलाला मिळायच्या होत्या. या रायफलीचे काडतूस ७.६२ बाय ५१ मिलिमीटरचे, म्हणजे मोठे आणि ताकदवान आहे. ती मुख्यतः सीमेवर, शत्रूसमोर उभ्या असलेल्या पायदळासाठी घेतली गेली. बाकीच्या मोठ्या संख्येसाठी डिसेंबर २०२१ मध्ये रशियाबरोबर एके-२०३ चा करार झाला. तो ६,०१,४२७ रायफलींचा असून त्या उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या कोरवा इथे बनतात. एके-२०३ चा व्यासही ७.६२ मिलिमीटरच आहे, पण तिच्या काडतुसाचे टोपण ३९ मिलिमीटर लांब, म्हणजे आखूड आहे. वर्तमानपत्रांत दोन्हींचा उल्लेख ‘७.६२ ची रायफल’ असाच होतो आणि वाचकाचा गोंधळ उडतो. व्यास सारखा असला तरी आत मावणारी दारू वेगळी असते आणि सगळा फरक तिथूनच सुरू होतो.

आकडे पाहू. ७.६२ बाय ५१ ची गोळी साधारण साडेनऊ ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास वेगाने निघते. तिची ऊर्जा सुमारे ३,३०० ज्यूल भरते. एकेची गोळी आठ ग्रॅमच्या जवळपास आणि वेग सेकंदाला सुमारे ७१५ मीटर, म्हणजे ऊर्जा दोन हजार ज्यूल. लष्कराच्या आधीच्या इन्सास रायफलीची ५.५६ मिलिमीटरची गोळी अवघी चार ग्रॅमची, पण ती नऊशे मीटरच्या वर वेग घेते आणि साडेसतराशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेऊन निघते. नळीतून बाहेर पडताच प्रत्येक गोळीला हवेशी झगडावे लागते. हलकी गोळी वेग लवकर गमावते, जड गोळी तो बराच काळ टिकवते. सरकारी माहितीनुसार एके-२०३ चा परिणामकारक पल्ला ३०० मीटर आहे. मोठ्या काडतुसाच्या रायफलीकडून ५०० मीटर आणि त्याहून जास्त पल्ल्याची अपेक्षा असते.

या जास्तीच्या दोनशे मीटरची किंमत सैनिकाच्या खांद्यावर पडते. मोठ्या गोळीचा संवेग लहान ५.५६ च्या गोळीच्या दुपटीहून थोडा अधिक असतो. दोन्ही रायफली चार किलोच्या आसपासच्या असल्या, तर मागे येणाऱ्या रायफलीचा वेगही दुप्पट होतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने खांद्यावरचा धक्का चौपट बसतो. जळालेल्या दारूचा वायूही रायफलीला मागे ढकलतो, तो या हिशेबात धरलेला नाही. नवख्या नेमबाजावर याचा परिणाम लगेच दिसतो. धक्का बसणार हे ठाऊक असल्याने चाप दाबण्याच्या क्षणीच तो डोळे मिटतो, खांदा पुढे करतो, नळीचे तोंड खाली जाते आणि गोळी लक्ष्याच्या खाली मातीत घुसते. उस्ताद त्याला नकळत रिकामे काडतूस भरून देतो. गोळी सुटतच नाही, पण रायफल खाली झुकते आणि दोष त्याच्या स्वतःच्याच नजरेला पडतो.

वजनाचा मुद्दा याहून सोपा आहे. मोठ्या काडतुसाचे वजन सुमारे २४ ग्रॅम, एकेच्या काडतुसाचे सोळा-सतरा आणि ५.५६ च्या काडतुसाचे बारा. दोनशे काडतुसे घ्यायची तर पहिल्यात पावणेपाच किलो आणि तिसऱ्यात अडीच किलोहून कमी. अमेरिकेने एप्रिल २०२२ मध्ये ६.८ मिलिमीटरची नवी, ताकदवान रायफल निवडली तेव्हा तिच्या सैनिकालाही हीच तडजोड करावी लागली. पूर्वी तो २१० काडतुसे बाळगत असे, नव्या रायफलीसोबत १४० बाळगतो. जगातले सगळ्यात श्रीमंत लष्करही या हिशेबातून सुटलेले नाही.

मोठ्या आणि लहान काडतुसांमधला हा झोका भारतीय पायदळाने दोन्ही दिशांना अनुभवला आहे. १९६२ च्या चीन युद्धात आपल्या जवानांच्या हाती थ्री नॉट थ्री होती. अचूक आणि भरवशाची रायफल, पण प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढून पुढे ढकलावा लागे. समोरून अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित हत्यारांचा मारा होत होता. युद्धानंतर बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या रचनेवर आधारलेली एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, इछापूरच्या कारखान्यात बनू लागली. तिचे तत्त्व देखणे आहे. गोळी नळीतून पुढे जात असताना तिच्यामागचा थोडासा वायू एका लहान छिद्रातून वर जातो आणि दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या बोल्टला मागे नेतो, रिकामे टोपण बाहेर उडते, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि मॅगझिनमधले पुढचे काडतूस आत सरकते. सैनिकाने फक्त पुन्हा चाप दाबायचा. मूळ बेल्जियन रायफल चाप दाबून धरल्यास सलगही सुटत असे. भारतात आणि ब्रिटनमध्ये ती सोय काढून टाकली, कारण एवढ्या ताकदीच्या काडतुसाने सलग मारा केला की नळीचे तोंड वर उचलले जाते आणि पुढच्या गोळ्या आकाशात जातात.

त्याच काळातली इछापूरचीच दुसरी रायफल मात्र लोकांच्या स्मरणातून जवळपास गेली आहे, आणि काटकसरीच्या निवडीचे तिच्याइतके चांगले उदाहरण दुसरे सापडत नाही. एसएलआर सगळ्यांना पुरेल इतक्या संख्येने तयार व्हायला वेळ लागणार होता. तोवर थ्री नॉट थ्रीचाच सांगाडा अधिक मजबूत पोलादात घडवून, नव्या ७.६२ च्या काडतुसासाठी नळी आणि बारा काडतुसांचे मॅगझिन बसवून ‘टू ए’ आणि पुढे ‘टू ए वन’ ही रायफल बनवली गेली. बोल्ट हातानेच ओढायचा, पण काडतूस एसएलआरचेच. त्यामुळे पिछाडीच्या तुकडीला आणि आघाडीच्या तुकडीला एकाच पेटीतला दारूगोळा देता येऊ लागला. १९६४ साली जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी उभी राहिली ती ही ७.६२ ची काडतुसे बनवण्यासाठीच. रायफल एकदा विकत घ्यावी लागते, काडतूस रोज. वरणगावसारखा कारखाना मागे उभा नसेल तर उत्तमातली उत्तम रायफलही दोन दिवसांत लोखंडाचा दांडा होते.

पुढे १९८० च्या दशकात पुण्याच्या पाषाण भागातल्या आयुध संशोधन आणि विकास आस्थापनेत, म्हणजे एआरडीईमध्ये, ५.५६ मिलिमीटरची इन्सास आकाराला आली. जवानाने दुप्पट काडतुसे न्यावीत आणि धक्का कमी बसल्याने नेम सुधारावा, हा त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. पण १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिने तडकली, अडकण्याच्या तक्रारी आल्या आणि लांब अंतरावर लहान गोळी अपुरी पडते ही भावना पक्की झाली. त्यानंतर वीस वर्षांनी पायदळ पुन्हा मोठ्या काडतुसाकडे वळले.

रायफल कोणतीही असली तरी तिचा नेम जुळवावाच लागतो. उज्जैनहून इंदूरमार्गे सुमारे ऐंशी किलोमीटरवर महू आहे, आजचे डॉ. आंबेडकरनगर. लष्कराचे इन्फन्ट्री स्कूल तिथेच आहे आणि १९९३ मध्ये स्थापन झालेले आर्मी मार्क्समनशिप युनिटही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पिस्तुलात रौप्यपदक मिळवणारा विजय कुमार याच युनिटचा. माळव्याचे हे पठार समुद्रसपाटीपासून पाचेकशे मीटर उंचीवर आहे. इथे नेम जुळवलेली रायफल लडाखमध्ये पाच हजार मीटर उंचीवर नेली की गणित बदलते. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते. विरोध कमी म्हणून गोळी वेग टिकवते आणि लांबच्या लक्ष्याच्या वर लागते. त्याच वेळी कडाक्याच्या थंडीने दारू सावकाश जळते आणि गोळीचा सुरुवातीचा वेग घटतो. हे दोन परिणाम एकमेकांच्या विरुद्ध असले तरी सारख्याच मापाचे नसतात, म्हणून नेम तिथे जाऊन पुन्हा जुळवावा लागतो. त्यासाठी लागणारी काडतुसे हा रायफलीच्या किमतीत कधीच न दिसणारा खर्च आहे.

सैन्याला जे लागते तेच पोलिसांना लागते असे मात्र नाही. मध्य प्रदेशच्या विशेष सशस्त्र दलाची बत्तिसावी वाहिनी उज्जैनमध्येच आहे, आणि सिंहस्थ आला की क्षिप्रेच्या घाटांवर लाखो माणसे लोटतात. बायजाबाई शिंदे यांनी बांधलेल्या गोपाळ मंदिराभोवतीच्या दाटीवाटीच्या वस्तीत ३,३०० ज्यूलची गोळी सुटली तर ती पहिल्या अडथळ्याला थांबेल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. ती माणसातून, दारातून, पातळ भिंतीतून आरपार जाऊ शकते. अशा ठिकाणी मोठे काडतूस स्वस्त मिळाले किंवा फुकट मिळाले तरी ती चुकीचीच निवड आहे. राज्यांच्या पोलिसांकडे लष्कराने बाजूला ठेवलेली हत्यारे येत राहिली, हे गरजेपेक्षा तिजोरीकडे पाहून घडले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांच्या एके रायफलींसमोर पोलीस काठ्या आणि थ्री नॉट थ्री घेऊन उभे होते. उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला निरोप दिला तो थेट २०२० मध्ये.

सामान्य नागरिकापुढे ही निवड येतच नाही. शस्त्र कायदा १९५९ नुसार ७.६२ आणि थ्री नॉट थ्रीसारखे लष्करी बोअर प्रतिबंधित आहेत. परवानाधारकाला मिळते ती सहसा पॉइंट ३१५ ची, हाताने बोल्ट ओढायची रायफल. हे बोअरही इंग्रजांच्या धोरणातून आले. लष्कराची चोरलेली काडतुसे खासगी बंदुकीत चालू नयेत, हा त्याचा हेतू होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे बाळगता येतात. ही कडक चौकट योग्यच आहे.

आता किमतीकडे येऊ. सिगच्या पहिल्या करारात एक रायफल नव्वद हजार रुपयांच्या आसपास पडली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी ७३,००० रायफलींसाठी ८३७ कोटींचा करार झाला, म्हणजे नगाला एक लाख पंधरा हजारांच्या जवळपास. एके-२०३ चा संपूर्ण व्यवहार पाच हजार कोटींहून थोडा मोठा, म्हणजे नगाला ऐंशी ते नव्वद हजार. दर्शनी किमतीतला फरक फार नाही. खरा फरक असा की एकेसोबत तिच्या निर्मितीचे तंत्रज्ञान कोरव्यात येते, आणि सिग तयार होऊन जहाजातून येते. आणि रायफल आली म्हणजे खर्च संपला असेही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच ७.६२ बाय ५१ च्या रायफलींसाठी अंधारात पाहण्याच्या दुर्बिणींचा करार झाला. त्याची रक्कम सुमारे ६५९ कोटी रुपये, म्हणजे रायफलींच्या पहिल्या खेपेच्या जवळपास बरोबरीची. पाचशे मीटरचा पल्ला विकत घ्यायचा तर पाचशे मीटरवरचे रात्री दिसलेही पाहिजे.

पुण्याच्या एआरडीईने आयात होणाऱ्या सिगला आपले उत्तर जानेवारी २०२४ मध्ये लोकांसमोर ठेवले. हैदराबादच्या द्वीपा आर्मर कंपनीसोबत शंभर दिवसांच्या आत तयार झालेल्या या रायफलीचे नाव ‘उग्रम’. काडतूस ७.६२ बाय ५१ चे, वजन चार किलोपेक्षा कमी, मॅगझिन वीस काडतुसांचे, परिणामकारक पल्ला ५०० मीटर. आकडे सिगच्या तोडीचे आहेत. वाळू, चिखल, पाणी, वाळवंटातली उष्णता आणि बर्फ या सगळ्यांत ती न अडकता हजारो गोळ्या झाडते का, हे तिला जवानांच्या हातात सिद्ध करावे लागेल. इन्सास जिथे कमी पडली, तीच ही परीक्षा आहे.