पोलीस व्हायचंय, तर पिस्तूल कुठलं घेऊ?

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांमध्ये हा प्रश्न हमखास निघतो. पहाटेचं धावणं आटोपतं, गोळाफेक होते, मैदानाच्या कडेला मोड आलेले चणे खात सगळे बसतात आणि कुणीतरी मोबाइल पुढे करतो. त्यात एक धिप्पाड अमेरिकन गृहस्थ टेबलावर पिस्तुलं मांडून सांगत असतो, की पोलिसात जायचं असेल तर पहिलं पिस्तूल हे घ्या, ते नको. ग्लॉक १७ की ग्लॉक १९, सिग की बेरेटा. व्हिडिओत खोटं काही नसतं. तिकडे एकवीस वर्षांच्या माणसाला पार्श्वभूमीची तपासणी झाली की दुकानातून पिस्तूल विकत घेता येतं, आणि काही पोलीस खाती आपल्या माणसांना मंजूर यादीतून हत्यार निवडूही देतात. पण तो सल्ला जालन्याच्या किंवा सांगलीच्या मैदानावर लागू होत नाही. इथे पिस्तूल निवडायचं काम उमेदवाराचं नाहीच. ते सरकारचं आहे. उमेदवाराच्या हातात असतात त्या दोन गोष्टी: स्वतःचं रेकॉर्ड आणि हाताच्या सवयी. या दोन्ही बिघडवणारे बरेच समज मात्र जोरात फिरत असतात.

“हत्यार आधीच हाताळलेलं असलं, तर भरती सोपी जाते.”

महाराष्ट्रात शिपाई भरतीची मैदानी परीक्षा ५० गुणांची. पुरुषांसाठी १६०० मीटर धावण्याला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. त्यानंतर लेखी परीक्षा १०० गुणांची. नेमबाजीला यात एकही गुण नाही. बारावी झालेला अठरा वर्षांचा मुलगा शिपाई भरतीचा अर्ज करू शकतो. शस्त्र परवाना मात्र एकविसाव्या वर्षाच्या आत मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातच तसं आहे. म्हणजे अंगावर खाकी चढून, खात्याच्या रायफलीने गोळीबाराचा सराव करून झालेला पोरगाही खासगी पिस्तुलाच्या परवान्यासाठी लहानच ठरू शकतो.

एकवीस पूर्ण झाली तरी गाडी लगेच पुढे जात नाही. आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त आणि बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी परवाना देतात, तोही पोलिसांचा अहवाल मागवून. २०१६ च्या नियमांप्रमाणे हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, घरी ते कुठे आणि कसं ठेवणार तेही सांगावं लागतं. आणि मुख्य म्हणजे कारण द्यावं लागतं. जिवाला धोका हे कारण असू शकतं, क्रीडा नेमबाजी हे असू शकतं. “मला पोलीस व्हायचंय” हे कारण कुठल्याच टेबलावर चालत नाही.

“पोलीस झालं, की कमरेला पिस्तूल आलंच.”

हा समज सिनेमाने घट्ट केलाय. प्रत्यक्षात शिपायाच्या हाती बहुतेक वेळ लाठी असते. पहाऱ्याची, कैदी नेण्याची, बंदोबस्ताची ड्यूटी असेल तर रायफल. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर साधारणपणे अधिकाऱ्यांकडे आणि विशेष पथकांकडे. हत्यार शस्त्रागारातून निघतं ते नोंदवहीत सही करून. त्याचा क्रमांक, सोबत दिलेल्या काडतुसांची संख्या, नेल्याची वेळ, परत केल्याची वेळ, सगळं लिहिलं जातं. सरावाच्या गोळीबारानंतर मैदानावर पडलेल्या रिकाम्या पुंगळ्यासुद्धा वेचून मोजून जमा करायच्या असतात. एक कमी भरली, तर अख्खी तुकडी गवतात वाकून शोधत बसते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे उभे होते, तेव्हा त्यांच्या हातात लाठी होती. समोर अतिरेकी कसाबच्या हातात एके-४७. त्यांनी तिची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. कसाब जिवंत सापडला तो त्यामुळे. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. या प्रसंगाचा अभिमान बाळगताना एक प्रश्नही विचारायला हवा, की तिथे उभ्या असलेल्या माणसाकडे लाठीच का होती. मुंबईवरच्या त्या हल्ल्यानंतर राज्याने फोर्स वन उभारलं, नवी हत्यारं घेतली. तरी रोजच्या पोलीस ठाण्यातल्या शिपायाचं चित्र फार पालटलेलं नाही, हे त्या वाटेने जाणाऱ्याने आधीच जाणून असावं.

“अधिकारी झालो, की आवडीचं घेईन.”

खात्याचं पिस्तूल खात्याचं असतं. आपल्याकडे पोलिसांत सर्वांत जास्त दिसतं ते पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारं नऊ मिलिमीटरचं ‘ऑटो १ए’. मूळ आराखडा ब्राउनिंग हाय-पॉवरचा, म्हणजे १९३५ सालचा. मॅगझिनमध्ये तेरा गोळ्या. वजनदार, जुनं, पण ओळखीचं. काही पथकांकडे ग्लॉकही आहेत. बदली झाली, निवृत्ती आली, की ते जमा करायचं.

खासगीत स्वतःचं घ्यायचं, तर अधिकाऱ्यालाही परवाना लागतो. शस्त्र अधिनियमातली सूट कर्तव्य बजावताना बाळगलेल्या सरकारी हत्याराला आहे, त्या माणसाच्या कपाटातल्या हत्याराला नाही. शिवाय नऊ मिलिमीटर हा सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर. म्हणून बाजारात चालतं ते .३२. ईशापूरचं ‘अशनी’ पिस्तूल, कानपूरचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर, २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबल’, ही सगळी त्याच बोअरची. परदेशी पिस्तुलांची खासगी आयात १९८० च्या दशकातच बंद झाली. त्यामुळे देशात आधीपासून असलेली जुनी विलायती हत्यारं अव्वाच्या सव्वा किमतीला हात बदलतात. विलायती म्हटलं की ते चांगलंच असणार, अशी समजूत बाळगून लोक झिजलेल्या नळीचे लाखो रुपये मोजतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि निवडणूक लागली की तीही बऱ्याचदा ठाण्यात जमा करावी लागतात.

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल एकच, हा वर्तमानपत्रांनी पसरवलेला घोळ इथेच निकालात काढू. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या चक्रात असतात, पाच किंवा सहा. पिस्तुलात त्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात आणि प्रत्येक बारानंतर पुढची गोळी आपोआप नळीच्या मागच्या कप्प्यात येते. बातमीत एकाच हत्याराला पहिल्या ओळीत रिव्हॉल्व्हर आणि तिसऱ्या ओळीत पिस्तूल म्हटलेलं सर्रास आढळतं.

“गोळी मोठी, तर पोलीस भारी.”

या समजाची किंमत अमेरिकेच्या एफबीआयने मोजली आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीजवळ आठ एजंटांनी दोन बँक दरोडेखोरांची गाडी अडवली. दरोडेखोरांकडे रायफल होती, एजंटांकडे मुख्यतः रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलं. चकमकीच्या सुरुवातीलाच एका एजंटची नऊ मिलिमीटरची गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून आरपार होऊन छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो माणूस त्यानंतरही लढत राहिला. दोन एजंट मेले, पाच जखमी झाले.

चौकशीत खापर फुटलं ते गोळीवर. एफबीआयने मोठी, १० मिलिमीटरची गोळी निवडली. तिचा धक्का इतका जबर, की अनेकांना ती झेपेना. लहान हातांच्या एजंटांच्या मुठीत ते पिस्तूल नीट बसेना. मग गोळीतली दारू कमी केली. तेव्हा लक्षात आलं, की एवढ्याच जोरासाठी इतकं लांब काडतूस कशाला? त्यातून १९९० मध्ये .४० चं काडतूस जन्मलं आणि अमेरिकेतली निम्मीअधिक पोलीस खाती त्याच्या मागे गेली, असं वाटावं इतकं ते पसरलं. २०१४ च्या सुमारास त्याच एफबीआयने हिशेब मांडला: गोळ्यांची बनावट सुधारल्यामुळे नऊ मिलिमीटर आता तेवढंच काम करते, धक्का कमी देते, मॅगझिनमध्ये जास्त बसते, आणि तीच माणसं त्याच मैदानावर तिने जास्त नेम साधतात. एजन्सी परत नऊ मिलिमीटरवर आली. जवळपास तीस वर्षांचा वळसा.

मायामीत रायफलीसमोर हातातलं छोटं हत्यार घेऊन जाणं आणि गाडी अडवण्याची आखणी, हे प्रश्न गोळीच्या आकारापेक्षा मोठे होते, असं मला वाटतं. पण गोळी बदलणं सोपं असतं. खरेदीचा आदेश काढला की झालं.

“मॅगझिन काढलं, म्हणजे पिस्तूल रिकामं.”

नाही. आणि हा समज माणसं मारतो.

पिस्तूल भरताना वरची सरक मागे ओढून सोडली, की मॅगझिनमधली सर्वांत वरची गोळी नळीच्या मागच्या कप्प्यात, म्हणजे चेंबरमध्ये जाते. आता मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं तरी ती गोळी आतच आहे. काही पिस्तुलांत मॅगझिन नसताना चाप दबत नाही, बऱ्याच पिस्तुलांत दबतो. घरी साफ करताना, मित्राला दाखवताना, “रिकामंच आहे” म्हणत झालेले अपघात बहुतेक याच जातीचे.

म्हणून जाणता माणूस दुसऱ्याच्या हातात पिस्तूल देतो तेव्हा एक ठरलेला क्रम असतो. नळी जमिनीकडे किंवा मोकळ्या दिशेला, बोट चापापासून दूर, चौकटीला लागून सरळ. आधी मॅगझिन बाहेर. मग सरक मागे ओढून तिथेच अडकवायची. चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं आणि उजेड कमी असेल तर करंगळीचं टोक घालून चाचपायचं. घेणाऱ्यानेही, समोर सगळं झालेलं पाहिलं असलं तरी, पुन्हा तेच करायचं. यात कुणाचा अपमान होत नाही. उलटा क्रम, म्हणजे आधी सरक ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी तिच्या जागी बसते.

ग्लॉकसारख्या पिस्तुलाला बाजूला वेगळा खटका नसतो. सुरक्षेची कळ चापातच असते. अशा हत्यारावर बोट चुकून गेलं तर अडवणारं काही उरत नाही. ही बोटाची शिस्त मात्र कोणत्याही हत्याराशिवाय शिकता येते.

“मित्राचा कट्टा होता, मी नुसता फोटो काढला.”

मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं उमरटी महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे, आणि तिथून येणारी गावठी पिस्तुलं, म्हणजे कट्टे, खानदेशापासून पुण्यापर्यंत पकडली जातात. कट्टा हातात धरून काढलेली रील पोलिसांच्या नजरेस पडायला फार वेळ लागत नाही. विनापरवाना हत्यार जवळ सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. परवान्याचं हत्यार असलं तरी वरातीत हलगर्जीपणे हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

शिक्षा पुढची गोष्ट. भरतीसाठी नुसता गुन्हा दाखल होणंही जड जातं. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते, आणि साक्षांकन नमुन्यात गुन्ह्याबद्दलचा रकाना असतो. तो कोरा सोडण्याचा किंवा “नाही” लिहिण्याचा मोह होतो. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलंय, की माहिती खरी दिली तरी उमेदवाराची पूर्वपीठिका तपासून निर्णय घेण्याचा अधिकार नेमणाऱ्याकडे आहे. दडवली तर नोकरी त्या कारणाने जाऊ शकते. रकाना खराच भरायचा. पण तो भरायची वेळ येऊ न देणं शहाणपणाचं.

“पोलिसाला गोळी झाडायची मोकळीक असते.”

थोडक्यात: नसते. अटक टाळणाऱ्याला पकडायला लागेल तेवढं बळ वापरता येतं, पण फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्याचा जीव घेण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ देत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसालाही बाकी सगळ्यांसारखाच, आणि तेवढ्याच मर्यादांसह. चकमकीत कुणी मेलं तर काय करायचं, याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्राच्याच खटल्यात दिले. स्वतंत्र तपास होतो आणि संबंधित अधिकाऱ्याला आपलं हत्यार न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करावं लागतं.

मग नेम शिकायचाच असेल तर?

एअर पिस्तूल. नळी ४.५ मिलिमीटरची आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. जिल्ह्याच्या रायफल क्लबमध्ये प्रशिक्षकाच्या नजरेखाली दहा मीटरवर सराव होतो. एनसीसीत असाल तर .२२ रायफलीचा गोळीबारही वाट्याला येतो. एअर पिस्तुलात धक्का जवळपास नसतो, त्यामुळे नेम का चुकला हे लपत नाही: चाप झटक्यात ओढला, मनगट ढिलं पडलं, श्वास मध्येच सोडला, हे कागदावरच्या भोकात दिसतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं, ते असल्याच तासन्‌तास कंटाळवाण्या सरावावर.

स्पर्धेत वर गेलात, तर राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कोणत्या स्तरावरचं प्रावीण्य धरलं जातं ते शासन निर्णयात पाहून घ्यावं, आणि क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी अर्ज भरण्याच्या आधीच करून ठेवावी. जाहिरात निघाल्यावर तिथे रांग लागते.