मनीऑर्डर नव्हे, हिस्सा

सेनेगलच्या दक्षिण भागात, कासामान्स नदीच्या खोऱ्यात बाम्बाली नावाचं गाव आहे. लिव्हरपूलकडून खेळून जगभर नावाजलेला सादिओ माने या गावचा. तो सात वर्षांचा असताना त्याचे वडील आजारपणात गेले. गावात तेव्हा इस्पितळ नव्हतं. २०२१ साली तिथे इस्पितळ उभं राहिलं, ते मानेनं दिलेल्या सुमारे पाच लाख युरोंमधून. त्याआधी त्यानं गावाला शाळाही बांधून दिली होती. या दातृत्वाचं जगभर कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटण्याचं कारण नाही. गिरणगावातल्या चाकरमान्यांनी धाडलेल्या मनीऑर्डरीवर कोकणातली घरं कित्येक वर्षं चालली. त्या पैशानं चुली पेटल्या, घरावरची कौलं बदलली, पोरांच्या फिया भरल्या गेल्या. पण गावात रोजगार उभा राहिला नाही, आणि पुढची पिढीही वळकटी बांधून मुंबईलाच आली. म्हणूनच परदेशी खेळणाऱ्या आफ्रिकी फुटबॉलपटूची कारकीर्द केवळ त्याच्या दानशूरपणावर तोलून चालणार नाही. ज्या मातीत तो घडला, तिथल्या मैदानाला त्याच्या किमतीतला हक्काचा हिस्सा मिळतो का, हे आधी पाहायला हवं. तो हिस्सा आजवर फार थोडा मिळाला आहे, आणि तो वाढवणं हे उपकाराचं नव्हे, न्यायाचं काम आहे.

मानेचा प्रवास नीट पाहिला की हे स्पष्ट होतं. किशोरवयात घर सोडून तो राजधानी डाकारला निवड चाचणीला गेला. त्यानंच पुढे सांगितल्याप्रमाणे, पायातले बूट फाटके होते आणि चड्डीही फुटबॉलची नव्हती. निवड करणाऱ्या वयस्कर माणसानं त्याबद्दल विचारलं, तेव्हा माझ्याकडे आहे त्यातलं हेच सर्वांत चांगलं आहे, असं उत्तर त्यानं दिलं. ‘जेनेरासियों फूट’ या अकादमीनं त्याला घेतलं, राहायला जागा दिली, खेळ शिकवला. या अकादमीचा फ्रान्समधल्या मेस क्लबशी करार आहे: क्लबनं मदत द्यायची आणि त्या बदल्यात चांगल्या मुलांवर पहिला हक्क क्लबचा. त्याच वाटेनं माने २०११ साली फ्रान्सला पोचला. जेमतेम दीड वर्षात मेसनं त्याला ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला सुमारे ४० लाख युरोंना विकलं. साल्झबुर्गनं दोन हंगामांनी, २०१४ साली, त्याला इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला सुमारे १ कोटी १८ लाख पौंडांना दिलं. साउदॅम्प्टनकडून त्यानं मे २०१५ मध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्ध अवघ्या १७६ सेकंदांत तीन गोल केले. प्रीमियर लीगमधली ती सर्वांत वेगवान हॅटट्रिक ठरली. २०१६ मध्ये लिव्हरपूलनं त्याच्यासाठी सुमारे ३ कोटी ४० लाख पौंड मोजले. चार वर्षांत किंमत कितीतरी पटींनी वाढली, आणि वाढलेली प्रत्येक रक्कम युरोपातल्या एका क्लबकडून युरोपातल्याच दुसऱ्या क्लबकडे गेली.

यावर लगेच सांगितलं जातं की फिफानं त्याची सोय केलेली आहे. ते खरं आहे. २००१ सालापासून असा नियम आहे की खेळाडूच्या ट्रान्स्फर फीमधले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे. पहिल्या चार वर्षांसाठी दर वर्षाला पाव टक्का, पुढच्या आठ वर्षांसाठी दर वर्षाला अर्धा टक्का. म्हणजे एखाद्या अकादमीनं मुलाला १६, १७ आणि १८ व्या वर्षी सांभाळलं असेल, तर तिचा वाटा दीड टक्का. ३ कोटी ४० लाख पौंडांवर हा दीड टक्का ५ लाख १० हजार पौंड होतो. छोट्या अकादमीचा काही वर्षांचा खर्च निघावा एवढी ही रक्कम आहे. पण मेख पुढे आहे. त्या काळात हा नियम फक्त दोन देशांमधल्या व्यवहाराला लागू होता. साउदॅम्प्टन आणि लिव्हरपूल दोन्ही इंग्लंडमधले, त्यामुळे मानेच्या तोवरच्या सर्वांत मोठ्या विक्रीत सेनेगलमधल्या अकादमीचा त्या नियमाखाली दमडीचाही हक्क नव्हता. ही फट बुजवणारा बदल १ जुलै २०२० पासून लागू झाला. शिवाय खेळाडूचा करार संपला आणि तो फीविना नव्या क्लबकडे गेला, तर वाटायला काही उरतच नाही. हा वाटा मागायचा कसा, तर पूर्वी छोट्या क्लबनं स्वतः कागदपत्रं जमवून युरोपातल्या बड्या क्लबच्या मागे लागायचं. पैसे आपसूक वळते करणारी फिफाची स्वतंत्र यंत्रणा २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. हक्क कागदावर येऊन तो पोचवण्याची वाट तयार व्हायला एकवीस वर्षं लागली.

या उशिराची किंमत आफ्रिकेतल्या स्थानिक फुटबॉलनं मोजली. आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजानचा आसेक मिमोझा हा क्लब त्याचं ठळक उदाहरण आहे. नव्वदच्या दशकात या क्लबनं फ्रेंच प्रशिक्षक जाँ-मार्क गियू यांच्यासोबत अकादमी उभारली. १९९९ साली या अकादमीतल्या कोवळ्या पोरांनी ट्युनिशियाच्या बलाढ्य एस्पेरान्स क्लबला ३-१ असं हरवून आफ्रिकेचा सुपर कप जिंकला. पुढच्या काही वर्षांत ती पिढी युरोपात पांगली. अनेक जण बेल्जियममधल्या बेव्हेरेन या छोट्या क्लबमार्गे गेले. याया तूरे त्यांतलाच, तो पुढे बार्सिलोना आणि मँचेस्टर सिटीचा आधारस्तंभ झाला. आसेकला मात्र १९९८ नंतर आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग पुन्हा जिंकता आलेली नाही. खेळाडू गेले याचं दुःख नाही, ते जाणारच. दुःख याचं की जाताना त्यांनी मागे सोडलेली जागा भरून काढेल एवढं भांडवल मागे राहिलं नाही. मग मैदान ओस, तिकिटं खपत नाहीत, पगार थकतात, आणि पुढच्या मुलाला परदेशाची वाट आणखीच मोहात पाडते.

यावर पहिला आक्षेप असा की युरोपच नसता, तर माने बाम्बालीतच राहिला असता. त्याला खरा घडवला तो युरोपातल्या प्रशिक्षकांनी. यात तथ्य आहे. साल्झबुर्गनं त्याला धार दिली, लिव्हरपूलमध्ये युर्गन क्लॉप यांच्या हाताखाली तो २०१९ चा युरोपियन चषक आणि २०२० चं इंग्लिश विजेतेपद जिंकला. पण मग हाच न्याय सर्वांना लावू या. मेसनं दीड वर्ष घडवलं, त्याचे पैसे घेतले. साल्झबुर्गनं दोन हंगाम घडवलं, त्याचेही घेतले. साखळीतला प्रत्येक दुवा आपल्या श्रमाचं मोल वसूल करतो, तर फाटक्या बुटातल्या पोरात खेळाडू ओळखणाऱ्या पहिल्या दुव्यालाच दीड टक्क्यावर समाधान मानायला का सांगायचं? दुसरा आक्षेप भ्रष्टाचाराचा: पैसे पाठवले तर आफ्रिकेतले पदाधिकारीच ते गिळतील. गैरव्यवहार होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण देणेकऱ्यानं घेणेकऱ्याच्या घरचा कारभार दाखवून देणं बुडवायचं नसतं. पैसे थेट क्लबच्या खात्यात जावेत, हिशेब जाहीर व्हावा, ही मागणी योग्य. पैसेच नकोत, हा निष्कर्ष चुकीचा.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: खेळाडूकडे कच्चा माल म्हणून पाहणंच चूक. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तेव्हा वऱ्हाड-खानदेशचा कापूस याच लिव्हरपूल बंदरात उतरून लँकेशायरच्या गिरण्यांत जात होता. कच्चा माल एकीकडचा आणि नफा दुसरीकडे, हे आपण भोगलेलं आहे, म्हणून ही तुलना मनात येतेच. पण माणूस म्हणजे कापसाची गाठ नव्हे. माने स्वतःच्या इच्छेनं गेला, त्यानं पैसा आणि मान मिळवला, आणि त्याला अडवण्याचा हक्क कुणालाही नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच उपाय खेळाडूच्या पायात बेडी घालण्याचा नसून क्लबांच्या तिजोरीतून वाटा काढण्याचा आहे. आणि इच्छा खरोखर मोकळी असावी, तर घरी राहून खेळण्याचाही पर्याय हवा. काँगोतल्या टीपी माझेम्बे क्लबनं खेळाडूंना चांगला पगार दिला आणि २०१० साली ब्राझीलच्या इंटरनॅसिओनालला हरवून क्लब विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली. पैसा घरी असला की काय घडतं, याचा हा पुरावा. तो नसतो तिथे बनावट एजंटांचं फावतं. कॅमेरूनचे माजी खेळाडू जाँ-क्लोद म्बुमाँ यांनी २००० साली पॅरिसमध्ये ‘फूट सॉलिदेर’ ही संस्था काढली, ती चाचणीच्या आमिषानं आणून वाऱ्यावर सोडलेल्या आफ्रिकी मुलांसाठीच.

हा प्रश्न एकट्या युरोपचा नाही. मडगावच्या फातोर्डा मैदानावर नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सनं धेंपोसाठी आणि ओडाफा ओकोलीनं चर्चिल ब्रदर्ससाठी केलेल्या गोलांवर गोव्यातल्या प्रेक्षकांनीही जीव ओवाळून टाकला आहे. ज्यांच्या खेळाचा आनंद आपण घेतो, त्यांना घडवणाऱ्यांशी आपलंही नातं आहे. फिफानं हा वाटा ५ टक्क्यांवरून वाढवावा, त्यात कोवळ्या वयातल्या शिक्षणाला पाव टक्क्याहून अधिक मोल द्यावं, आणि करार संपून फीविना गेलेल्या खेळाडूसाठीही पहिल्या क्लबला ठरावीक रक्कम मिळावी. ६ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री याऊंदेमध्ये मानेनं आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्याच्या सुरुवातीला एक पेनल्टी दवडली आणि शेवटी निर्णायक पेनल्टी मारून सेनेगलला पहिल्यांदा आफ्रिकेचा विजेता केलं. तो मायदेशाचं ऋण विसरला नाही. यापुढे एखाद्या आफ्रिकी खेळाडूच्या कोट्यवधींच्या खरेदीची बातमी वाचाल, तेव्हा आकड्यापाशी थोडं थांबा आणि त्याच्या पहिल्या मैदानाला त्यातलं किती मिळालं, हेही शोधा.