पथ्य एकीचं, स्वयंपाकघर सगळ्यांचं

या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य, होळकरकालीन इंदूर, नाट्यसंगीत अशा विषयांवर जाणकारांनी लिहिलं आहे. मी तुम्हांला आज स्वयंपाकघरात नेणार आहे, फडताळातल्या हिंगाच्या डबीपाशी. मी डॉक्टर नाही. शाळेत मराठी आणि हिंदी शिकवून निवृत्त झालेली आजी आहे. माझ्या नातीला सिलिॲक हा आजार आहे आणि शेंगदाण्याची ॲलर्जीही आहे. या दोन्ही गोष्टी नीट समजायला मला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांची किंमत त्या पोरीने मोजली. तुमच्या घरी तसं होऊ नये म्हणून हा लेख.

आधी हे लक्षात घ्या, की हे दोन वेगळे आजार आहेत. ‘काहीतरी खायला चालत नाही’ एवढ्या एका वाक्यात आपण दोन्ही गुंडाळतो आणि तिथेच चूक होते.

नात अडीच वर्षांची असताना संक्रांतीला मी तिला दाण्याच्या चिक्कीचा चुरा भरवला. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, ओकारी झाली, छातीत घरघर सुरू झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं आणि पोर सावरली. ही ॲलर्जी. शरीराची संरक्षणव्यवस्था एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजते आणि बहुधा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, एकदम तुटून पडते. अशा वेळी श्वास अडखळला किंवा मूल मलूल पडलं, तर पहिलं औषध ॲड्रेनलिनच. खाजेची गोळी देऊन वाट पाहत बसणं धोक्याचं. मुलाला उभं करू नये, चालवू नये. आडवं निजवावं, पाय थोडे उंच ठेवावेत. श्वास लागत असेल तर टेकून बसवावं. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यावंच, कारण काही वेळाने त्रास पुन्हा उसळू शकतो. आमच्या घरात ते औषध कुठे आहे आणि कसं द्यायचं, हे आता मलाही माहीत आहे.

सिलिॲकची तऱ्हा उलटी. तो गाजावाजा करत नाही. गहू आणि जव यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर आपल्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. पाश्चात्य देशांतलं राय हे धान्यही त्याच कुळातलं. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे बारीक उंचवटे असतात आणि अन्नातला कस तेच शोषून घेतात. सिलिॲकमध्ये ते झिजून सपाट होतात. मूल जेवतं, पण अंगी लागत नाही. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, वारंवार जुलाब, लोहाची औषधं देऊनही न हटणारा पंडुरोग, खुंटलेली उंची, सततची किरकिर. एखाद्या मुलात यातलं एकच लक्षण दिसतं. आमच्याकडे साडेचार वर्षांपर्यंत पोर वाढेचना, आणि मी सुनेला म्हणत राहिले, “तू तिला नीट खाऊ घालत नाहीस.” ती बिचारी आणखी एक तूप-पोळी भरवायची.

हा आजार नवा नाही. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी 1887 साली एका व्याख्यानात त्याचं नेमकं वर्णन केलं होतं, आणि रोगी बरा व्हायचाच तर तो आहारानेच होईल, असंही सांगितलं होतं. पण आहारातलं नेमकं काय टाळायचं, ते कळायला पुढे साठेक वर्षं गेली. हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा गव्हावर आधीपासून संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली, पाव दिसेनासा झाला. सगळा देश भुकेने खंगत असताना ही मुलं मात्र सुधारू लागली, आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. डिके यांनी 1950 साली आपल्या प्रबंधात गव्हाचा दोष मांडला. आजही या आजाराला औषधाची गोळी नाही. गहू आणि जव जन्मभर बंद, हाच उपचार. तो केला की आतड्याची ती लव पुन्हा उगवते, मूल वाढीला लागतं.

आता हा विषय आपल्या घरांशी का जोडलेला आहे ते सांगते. सिलिॲक होण्यासाठी विशिष्ट जनुकं लागतात, आणि ती देशाच्या सगळ्या भागांत बऱ्याच लोकांत असतात. पण 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात शंभरात सव्वा माणसाला हा आजार आढळला, तर दक्षिणेत हजारात एकाला. मोठा फरक होता तो रोजच्या गव्हाचा. आपले पूर्वज देशावरून, कोकणातून माळव्यात, ग्वाल्हेरीत, बडोद्यात आले ते भात-भाकरी खाणारे. आपण आता दोन्ही वेळा पोळी खाणारे झालो आहोत. पोळीला मी दोष देत नाही, मीही रोज खाते. पण मूल वाढत नसेल तर ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’ असं म्हणू नका. टीटीजी नावाची रक्ततपासणी असते, तिच्यानंतर गरज वाटली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. एक अट महत्त्वाची. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करायचा नाही, नाहीतर आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. आणि एकाला निघाला तर सख्ख्या भावंडांची व आईवडिलांचीही तपासणी करावी. आमच्याकडे माझ्या मुलाची झालीच.

निदान झालं आणि घरातून पोळी गेली. नात सुधारली, पण पुरती नाही. वर्षाने तपासणी केली तर आकडा अजून चढाच. डॉक्टरांनी विचारलं, “घरात आणखी काय काय शिजतं?” त्या रात्री सुनेने फडताळ रिकामं केलं आणि एकेक डबा हातात घेऊन वाचायला बसली. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, मैदा. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे हिंगाचा चीक, डिंक आणि पीठ यांचं मिश्रण. ते पीठ बहुधा मैद्याचं. आमची आमटी, भाजी, पोह्यांवरचं जिरावन, सगळ्यांत तो हिंग. मग एकेक सापडत गेलं. मेतकुटात गहू. थालीपिठाच्या भाजणीत गहू. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच. सातूच्या पिठात गहू नाहीतर जव. दुधात घालायच्या कितीतरी पावडरींत जवाचं माल्ट. खपली गहू ‘हलका’ म्हणून आणला होता, तोही शेवटी गहूच. आणि ज्वारी? ती आम्ही गिरणीतून दळून आणत होतो, गव्हाच्या पाठोपाठ त्याच जात्यात.

सगळा दोष हिंगावर ढकलून मी सुटले असते. पण मला माहीत होतं, की दर पौर्णिमेला सत्यनारायणाचा प्रसाद म्हणून चमचाभर शिरा मी तिच्या तोंडात घालत होते. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? आणि एवढ्याशाने काय होतं?

वाचकहो, एवढ्याशाने काय होतं त्याचा हिशेब मी नंतर केला. इटलीतल्या संशोधकांनी 2007 साली दाखवून दिलं, की रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेलं तरी सिलिॲकच्या माणसाच्या आतड्यावर परिणाम होतो. 30 ग्रॅम कणकेच्या एका पोळीत अंदाजे अडीच ते तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे 50 मिलिग्रॅम हा पोळीचा पन्नासावा-साठावा भाग झाला. माझा चमचाभर शिरा त्याच्या कितीतरी पट. आणि तिला लगेच काही होत नव्हतं, म्हणून मला वाटे की चालतंय. सिलिॲक फसवतो तो इथेच. दाण्याचा कण तिथल्या तिथे ओरडून सांगतो. गव्हाचा कण गप्प राहून काम करतो.

मी सुनेला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, रडली. ते जास्त जड गेलं.

त्यानंतर घराची घडी बदलली. पोळपाट-लाटणं, चाळणी, लाकडी पळी आणि चकलीचा सोऱ्या तिच्यासाठी वेगळे घेतले, कारण लाकडात आणि जाळीत पीठ अडकून राहतं. तवा वेगळा. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पापड तळायचे नाहीत. धान्य निवडून घरच्या छोट्या गिरणीत दळायचं, आणि त्या गिरणीत गहू कधीच घालायचा नाही. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तोच आता सगळ्यांसाठी. पाकिटांवर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलेलं असेल तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. शिवाय पाकिटबंद पदार्थांवर ग्लूटेनची धान्यं, शेंगदाणे, दूध, सोयाबीन यांचा उल्लेख करावाच लागतो. सुट्या मिठाईला आणि फरसाणाला मात्र असं काही लिहिलेलं नसतं. ते आम्ही आणत नाही.

महागड्या पाकिटांची फारशी गरजही पडत नाही. भात, ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, मका, राजगिरा, डाळी, दूध, भाज्या यांवर मूल उत्तम वाढतं. आपल्या पणजीचं ताट असंच होतं. आमच्या इंदूरचा भुट्ट्याचा कीसही तिला चालतो, फक्त फोडणीतला हिंग आपला हवा.

गंमत उपासाची. सिलिॲकच्या मुलाला उपासाचं स्वयंपाकघर म्हणजे माहेरच. साबुदाणा, वरी, शिंगाडा, रताळी, राजगिरा, कशातही गहू नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आमच्याकडे खरंच झालं असतं. पण आपण उपासाच्या प्रत्येक पदार्थात दाण्याचं कूट घालतो! एका आजाराने उघडलेलं दार दुसरा बंद करतो. आता आम्ही खिचडीत ओलं खोबरं घालतो. पहिल्यांदा आमच्या ह्यांनी तोंड वाकडं केलं. आता बाहेरची दाण्याची खिचडी त्यांना जड लागते.

यजमानांशी मोकळेपणाने बोलायला मात्र आम्ही उशिरा शिकलो. सुरुवातीला मीच म्हटलं होतं, “बाहेर कुणाला सांगू नका, मुलीची जात आहे, पुढे लग्न व्हायचंय.” आपल्या कितीतरी घरांत हेच चालतं. परिणाम असा, की नातेवाइकांना काही माहीत नसतं आणि ते प्रेमाने भरवत राहतात. आजार लपवला की पथ्य मोडतंच. आता आम्ही आमंत्रण येताच फोन करतो, काय चालत नाही ते सांगतो आणि तिचा डबा बरोबर नेतो. शाळेत वर्गशिक्षिकेला लेखी दिलं आहे. गहू आणि दाणे या दोन्हींसाठी वेगवेगळं: गहू चुकून गेला तर आम्हांला कळवा, दाणे गेले तर आधी औषध द्या आणि मग फोन करा.

आणि पोर चुकली तर रागवायचं नाही. एका वाढदिवसाला तिने मैत्रिणीचा केक खाल्ला आणि आठवडाभर सांगितलं नाही, कारण मागच्या वेळी आम्ही ओरडलो होतो. जे मूल घाबरून लपवतं, ते दाणे खाल्ल्यावरही लपवील. तेव्हा वेळ नसेल.

सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे वेगळं ताट. आपल्या समाजाने वेगळ्या ताटाने आणि वेगळ्या पंगतीने माणसांना किती दुखावलं आहे, हे वेगळं सांगायला नको. लहान मुलाला त्यातला इतिहास कळत नाही, पण अपमान कळतो. म्हणून आम्ही उलटं केलं. तिचं ताट वेगळं करण्याऐवजी जिथे जमेल तिथे सगळ्यांचं ताट तिच्यासारखं केलं. गणपतीला मोदक तांदळाच्या उकडीचे असतातच. सत्यनारायणाचा शिरा आता आम्ही वरीच्या रव्याचा करतो. तूप, साखर, केळं, दूध तेवढंच. गुरुजींनी विचारलं, तेव्हा कारण सांगितलं. ते म्हणाले, “घरातल्या लेकराला घेता येत नसेल तो प्रसाद कसला?” पहिला द्रोण त्यांनी तिच्याच हातावर ठेवला.

नात आता नऊ वर्षांची आहे. मागच्या तपासणीत आकडा उतरलेला आला, उंचीही वर्गातल्या मुलींच्या बरोबरीला येते आहे. वाचकहो, तुमच्या घरी असं मूल नसेलही. पण तुमच्या घरी कधीतरी असं मूल पाहुणं येईल. त्याने ‘नको’ म्हटलं तर आग्रह करू नका. त्याच्या आईला बाजूला घेऊन विचारा, काय चालतं? आणि जमलं तर आज रात्री तुमच्याही हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं एकदा वाचून पाहा.