नवरात्रात उरलेल्या नऊ गोळ्या

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याची औषधाची डबी उघडली, तर 10 गोळ्यांच्या स्ट्रिपमधल्या 9 जागच्या जागी. एकच खड्डा रिकामा, तोही घटस्थापनेच्या आदल्या रात्रीचा. “उपासाचं पोट, त्यात गरम गोळी कशी टाकू बापा?” चहा मात्र नऊही दिवस दिवसातून चारदा झाला होता.

आत्याची गोळी साधी, कोलेस्टेरॉलची, 10 मिलिग्रॅमची ॲटोरव्हास्टॅटिन. महागावातल्या मेडिकलच्या काउंटरवर घटकाभर उभं राहिलं तर हिच्या खाण्यापिण्याचे दहा नियम ऐकू येतात. गंमत अशी की पाळले जातात ते बहुतेक नियम बिनकामाचे, आणि खरे एकदोन आहेत ते कुणाला ठाऊक नसतात.

ही गोळी उपाशीपोटी चालते, जेवूनही चालते. अन्नाबरोबर ती रक्तात जरा सावकाश उतरते, पण कोलेस्टेरॉल तितकंच कमी करते. दुधासोबत किंवा ताकासोबत घेतली म्हणून ‘थंड’ होत नाही. पाण्याचा घोट पुरे. “रात्रीच घ्यायची” हा नियम जुन्या गोळ्यांचा. यकृत कोलेस्टेरॉल जास्त करून रात्री तयार करतं आणि सिमव्हास्टॅटिनचा अंमल काही तासांत ओसरतो, म्हणून ती रात्री. ॲटोरव्हास्टॅटिन रक्तात निम्मी व्हायला सुमारे 14 तास लागतात, याच घराण्यातल्या रोसुव्हास्टॅटिनला 19. त्या सकाळी घ्या, संध्याकाळी घ्या. वेळ रोज एकच ठेवली की विसरायला होत नाही.

मग ‘जेवल्यावरच’ हे आलं कुठून? छातीत दुखलं की इथला माणूस नांदेड नाहीतर यवतमाळ गाठतो. तिकडून येताना पुष्कळांच्या पिशवीत एक कॅप्सूल असते, ज्यात ॲटोरव्हास्टॅटिनसोबत ॲस्पिरिनही भरलेली असते. पोटात जळजळ करते ती ॲस्पिरिन. जेवण हवं तिच्यासाठी, आणि नाव खराब झालं शेजारणीचं. फेनोफायब्रेट हे ट्रायग्लिसराइडचं औषधही बऱ्याचदा याच गोळीत जोडलेलं असतं. ते मात्र जेवणासोबत चांगलं शोषलं जातं. म्हणून गोळीच्या रंगावर जाऊ नका, स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं नातवाकडून वाचून घ्या.

दिवाळीच्या सुमारास आंबिया बहराची संत्री बाजारात आली की दुसरी भीती सुरू होते : “कोलेस्टेरॉलवाल्यानं आंबट फळ खाऊ नये.” यात तथ्य आहे, पण ते दुसऱ्याच फळाचं. 1989 साली कॅनडात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि औषधाची रक्तातली पातळी भलतीच चढलेली निघाली. या फळातली द्रव्यं आतड्याच्या भिंतीतलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतात. सिमव्हास्टॅटिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन त्याच वाटेनं मोडतात. पातळी फार वाढली तर स्नायू दुखतात, क्वचित त्यांची झीज होऊन मूत्रपिंडावर येतं. ग्रेपफ्रूटचाच भाऊबंद म्हणजे पपनस. तेव्हा पपनसाबद्दल डॉक्टरांना विचारा. नागपुरी संत्रं वेगळ्या जातीचं आहे. त्याचा या भानगडीशी संबंध नाही. विदर्भात राहून संत्रं सोडायचं म्हणजे अतिच झालं.

तेलाचा घोळ त्याहून मोठा. पिंपावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापलेलं पाहून लोक दहा रुपये जास्त देतात. अहो, शेंगदाणा, सोयाबीन, जवस, कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. ते प्राण्यांपासून येणाऱ्या पदार्थांत असतं, आणि आपल्या शरीरातलं बरंचसं आपलंच यकृत बनवतं. म्हणून फोडणी बंद केली तरी रिपोर्ट फारसा हलत नाही, आणि म्हणूनच गोळी यकृतावर काम करते. उलट, “गोळी चालू आहे, मग तर्री ओता” हेही खरं नव्हे. वनस्पती तूप, पामतेल, पुन्हा पुन्हा तापवलेल्या कढईतले वडे आपलं काम करतच राहतात. जवसाची चटणी भाकरीबरोबर जरूर खा, लसूणही खा. त्यांच्या भरवशावर गोळी सोडू नका. तसं म्हटलं तर या गोळ्यांचा जन्मही नैसर्गिकच. जपानच्या अकिरा एन्डो यांना 1973 मध्ये पहिलं स्टॅटिन सापडलं ते बुरशीत.

आता ते दुर्लक्षित खरे नियम. तर्रीनंतर छातीत जळजळलं की घरातलं गुलाबी पातळ औषध प्यायचं आणि त्यावरच रोसुव्हास्टॅटिन गिळायची, हे घरोघरी चालतं. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं ॲसिडिटीचं औषध सोबत गेलं तर रोसुव्हास्टॅटिनची रक्तातली पातळी जवळपास निम्म्यावर येते. आधी गोळी, आणि ते औषध निदान दोन तासांनी. इसबगोलही गोळीसोबत एकाच घोटात नको. दारूबद्दल सांगायचं तर, रोज भरपूर पिणाऱ्याचं यकृत आधीच बेजार असतं. त्यानं ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल लिहून दिलं जात असेल तेव्हाही कोलेस्टेरॉलची गोळी चालू असल्याचं सांगा. ते औषधही ग्रेपफ्रूटसारखीच वाट अडवतं, आणि जास्त जोरात.

राहिल्या आत्याच्या 9 गोळ्या. चुकलेला डोस भरून काढायला दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नसतात. आज एक, उद्या एक. पण गोळी बंद केली की कोलेस्टेरॉल काही आठवड्यांत पूर्वीच्या पातळीवर जातं. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे, हे लक्षात न घेता पुष्कळजण तिथंच थांबतात.

कार्तिकी एकादशीला आत्यानं गोळी घेतली, साबुदाण्याच्या उसळीच्या आधी. मी पाहतोय हे कळल्यावर तांब्या खाली ठेवत म्हणाली, “पाणी तं चालतेच ना रे उपासाले.”